सोलापूरहून मालवण-वेंगुर्ला : घरच्यांना घेऊन पहिल्यांदा कोकणात जाताना

सोलापूरहून कोकणात जाणारं कुटुंब बहुधा ठिकाणांची यादी घेऊन निघतं. सकाळी दहाला पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) पोचावं तर भरती पार माडांच्या बुडाशी आलेली असते. दुपारी किल्ल्याला जावं तर होडीला रांग, आणि संध्याकाळी देवबागेत पोचावं तर होड्या किनाऱ्याला लागलेल्या. चार दिवसांत बारा ठिकाणं उरकतात, पण समुद्र नीट भेटत नाही. म्हणून आधी महिना, मग तिथी, मग मुक्काम आणि शेवटी ठिकाणं, असा क्रम ठेवा. खालची माहिती दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि एखादे आजी-आजोबा असं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

१. महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचा. हवा बरी असते, पाणी निवळलेलं असतं आणि होड्या नियमित चालतात. नाताळ ते नववर्षाचा आठवडा मात्र टाळा. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर वाढलेले असतात आणि मालवणच्या अरुंद रस्त्यांवर गाडी तासन्‌तास अडकते.

मे महिन्यात आंबा, फणस, कोकम, करवंदं सगळं एकदम मिळतं, पण दमट उकाडा सोसावा लागतो. सोलापूरच्या ४२-४३ अंशांत राहणाऱ्याला ३३-३४ अंशांचं काय, असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे सोलापूरकरच आधी थकतो. आपल्याकडे कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि अंग गार राहतं. किनाऱ्यावर हवेतच इतकं बाष्प असतं की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि अंग तापलेलंच राहतं. मे महिन्यात गेलात तर सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आत उन्हातला कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.

जून ते ऑगस्टमध्ये हिरवाई पाहायला जरूर जा, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कूबा आणि पाण्यातले खेळ बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीच्या आशेवर त्या दिवसांत जाऊ नका.

आणखी एक खबरदारी घ्या. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तिची तारीख तिथीवर ठरत नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरवतात. त्या दोन-तीन दिवसांत मालवण, कणकवली आणि कुडाळ पट्ट्यात खोली मिळणं कठीण. जत्रेसाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर बुकिंगआधी तारीख विचारून घ्या.

२. भरती-ओहोटी बोटांवर मोजायला शिका

यासाठी घरातलं तिथीचं कॅलेंडर पुरतं. कोळी लोकांचा जुना हिशोब असा : त्या दिवशीच्या तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकने मोजायला सुरुवात करायची.

चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती, सकाळी नऊ आणि रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी खोलीच्या मालकाला किंवा होडीवाल्याला विचारून खात्री करा.

याचा उपयोग असा. संध्याकाळी लांबरुंद, ओली, घट्ट पुळण चालायला हवी असेल आणि सूर्यास्तही पाहायचा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. त्या दिवसांत उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो आणि पाण्याला ओढही जास्त असते. मुलांना पाण्यात खेळवणं हाच मुख्य हेतू असेल तर अष्टमी ते दशमीचे दिवस घ्या. त्याला भांगाची भरती म्हणतात, पाणी सौम्य चढतं-उतरतं. लहान मुलं बरोबर असतील तर भांगाचेच दिवस निवडावेत, सूर्यास्त तेव्हाही दिसतो.

३. कोकणात मुक्काम दोनच ठेवा

सहा रात्री हाताशी असतील तर पहिली कोल्हापुरात, तीन मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात आणि दोन वेंगुर्ल्यात. रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठण्याचा बेत आखू नका. नकाशावर पंचवीस किलोमीटर दिसणारं अंतर खाडी, वळणं आणि गावातले रस्ते यांमुळे तासाचं होतं.

खोली घेताना विचारायच्या गोष्टी : पुळणीपर्यंत चालत किती मिनिटं, तळमजल्यावर खोली आहे का, संडास कमोडचा आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि जेवण घरातच बनतं का. ‘सी व्ह्यू’ या शब्दावर जाऊ नका. फोटो मागवा, शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर खिडकीतून काय दिसतं ते दाखवायला सांगा. देवबागेत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आहे. ‘पाण्याकाठी’ म्हणजे नेमकं कुठल्या पाण्याकाठी, हेही विचारा. वयस्करांना खाडीची बाजू जास्त मानवते, तिथे वारा आणि लाटांचा आवाज कमी असतो.

४. रस्ता आणि घाट

सोलापूर-मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर हे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरहून मालवण आणखी दीडशे-एकशे साठ. एका दमात जाता येतं, पण मग घाट संध्याकाळी येतो. घाट दिवसाच उतरायचा हा नियम धरा आणि रात्र कोल्हापुरात काढा.

मालवणसाठी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्यासाठी आजऱ्यावरून आंबोली घाट. दरड किंवा दुरुस्तीमुळे यातला एखादा घाट अधूनमधून बंद असतो आणि मोबाइलवरचा नकाशा ते वेळेवर सांगेलच असं नाही. निघायच्या दिवशी मुक्कामाच्या मालकाला फोन करून ‘आज कुठला घाट चालू आहे?’ एवढं विचारा. दाजीपूरच्या जंगलात अंधार पडताना गवे रस्त्यावर येतात, आंबोलीत पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. पेट्रोल कोल्हापुरातच पूर्ण भरा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका, दुसऱ्या गिअरवर उतरवा. सोलापूरच्या सरळ रस्त्यांवर चालवणारा ड्रायव्हर सतत ब्रेकवर पाय ठेवतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर नीट लागत नाहीत.

मुलांना घाटाआधी पोटभर मिसळ खाऊ घालू नका. इडली किंवा केळं पुरे. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, मोबाइल हातातून काढून घ्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घाट लागण्याच्या तासभर आधी द्या, घाटात दिल्यावर तिचा उपयोग होत नाही.

एसटीने जायचं तर कोल्हापूरला गाडी बदलून मालवण, वेंगुर्ला किंवा सावंतवाडीची धरा. सोलापूरहून पनवेलमार्गे कोकण रेल्वे गाठणं म्हणजे फार मोठा वळसा.

५. बरोबर ठेवायचे कागद

- प्रत्येकाचं आधार कार्ड, मुलांचंही. खोली देताना सगळ्यांची नोंद होते.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र ठेवलेलं बरं.
- एसटीने जात असाल तर ज्येष्ठांच्या वयाचा पुरावा. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. महिलांनाही अर्धं तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, गोव्यापर्यंत जाणार असाल तर पुढचं भाडं पूर्ण.
- आजी-आजोबांच्या औषधांची चिठ्ठी, आणि नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जादा.
- सुट्टे पैसे. वाड्यांमध्ये रेंज जाते आणि होडीवाला, शहाळेवाला यांच्याकडे मोबाइलने पैसे भरणं ऐनवेळी अडतं.

६. सामान : कोरड्या गावचं, ओल्या हवेत

आपल्या सोलापुरी टॉवेलचा अभिमान घरी ठेवा. जाड टर्किश टॉवेल तिथे दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. माणशी दोन पातळ पंचे न्या. चादरही पातळच.

कडक भाकरी सोलापुरात महिनाभर कुरकुरीत राहते, पण मालवणात उघड्या पिशवीत एका रात्रीत वातड होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि एका वेळी लागेल तेवढीच काढा. शेंगा चटणीचंही तसंच. ओला चमचा घातला की ती गोळा होते. वाटेतल्या पहिल्या दिवसाला धपाटे उत्तम, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे. पाण्यात उतरायला मुलांना अंगाबरोबर बसणारी चड्डी-टीशर्ट. साडी किंवा ओढणीसह लाटांत उतरू नये, भिजलेलं कापड पायात गुंडाळतं आणि माणूस गुडघाभर पाण्यातही पडतो. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल, टोपी, डासांचं मलम, ओआरएसची दहा पाकिटं आणि मोबाइलसाठी झिपची प्लास्टिक पिशवी एवढं विसरू नका.

७. पुळणीवर

उजनी आणि हिप्परग्याचं पाणी पाहिलेल्या माणसाला समुद्राची ओढ कळत नाही. तळ्यात पोहता येणं इथे पुरत नाही. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. सगळीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मधल्याच एका पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गढूळ किंवा गडद दिसतंय, तर तो पट्टा शांत समजू नका. किनाऱ्याला आलेलं पाणी तिथूनच जोरात आत परततं. तिथे मुलांना सोडू नका.

कोणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ सुटली की मग बाहेर. पोहता न येणाऱ्याने पाठीवर तरंगून हात हलवायचा. बाहेरच्यांनी पोहत मागे जाऊ नये. दोरी, रिकामा कॅन किंवा जॅकेट फेकावं आणि जवळच्या होडीवाल्याला हाक मारावी.

भरती चढत असताना पाण्यात जा, ओहोटी लागली की बाहेर या. मोठ्यांनी कमरेपर्यंत, मुलांनी गुडघ्यापर्यंत, आणि मुलांच्या समुद्राच्या बाजूला एक मोठं माणूस कायम. देवबागेला कर्ली नदी समुद्राला मिळते ते टोक दिसायला फार सुंदर आहे, पण तिथे अंघोळीला अजिबात उतरू नका. नदीचं पाणी, ओहोटीची ओढ आणि सरकणारी वाळू तिन्ही एकाच जागी येतात.

पहाटे लवकर उठलात तर रापण ओढताना पाहायला मिळेल. दोन टोकांना माणसांच्या रांगा लागतात, जाळं हळूहळू काठाला येतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत वाळूवर चांदी उसळते. लांबून पाहा, दोरीच्या आत पाय टाकू नका. मदत करायची असेल तर आधी विचारा. मुलांना हे दृश्य कुठल्याही वॉटर स्पोर्टपेक्षा जास्त लक्षात राहतं.

जेलीफिश लागला तर जागा चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि दवाखाना गाठा.

गाडी वाळूत घालू नका आणि माडाखाली लावू नका. सुकं झावळं पडलं तरी काच जाते, नारळाचं तर बोलायलाच नको.

८. किल्ला आणि स्कूबा

सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि तीन वर्षांत कुरटे बेटावर हा जलदुर्ग उभा राहिला. मालवणच्या जेटीवरून होडी मिळते. होडीवाला साधारण तासाभराची वेळ देतो आणि त्याच होडीने परत आणतो, म्हणून होडीचं नाव किंवा क्रमांक लिहून घ्या. एका तासात सगळा तट फिरून होत नाही. दरवाजाची गोमुखी रचना, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी एवढंच धरा. चारही बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडी विहीर, हे मुलांना बावीच्या काठावर उभं करूनच दाखवा. सकाळची पहिली-दुसरी होडी धरा. शेवाळलेला जांभा फार निसरडा असतो, आणि ऐन ओहोटीला होडीतून चढ-उतार करणं वयस्करांना जड जातं. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मागा. खांद्यांना धरून वर उचलल्यावर ते कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या.

स्कूबा दहा वर्षांखालच्या मुलांना नको. दमा, हृदयविकार, फिट, गरोदरपण किंवा साधी सर्दी असेल तरी नको. सर्दीत कानातला दाब सुटत नाही आणि पडदा दुखावतो. आदल्या दोन तासांत जड खाऊ नका. स्कूबा केलेल्या दिवशीच घाट चढून परत निघू नका. विमानासाठी बारा तास थांबायचा नियम आहे, आणि आंबोलीही सातशे मीटरच्या आसपास उंच आहे. स्कूबा मुक्कामाच्या मधल्या दिवशी ठेवा.

९. बागा आणि वाड्या

कोकणची खरी मजा पुळणीपासून अर्धा किलोमीटर आत आहे, आणि घाईतली कुटुंबं नेमकी तीच सोडतात. वरती माड, त्याखाली पोफळी, माडावर चढलेली मिरीची वेल, मधे केळी, जायफळ, दालचिनी, अशी एकावर एक चार मजल्यांची शेती सोलापूरच्या मुलाने कधी पाहिलेली नसते. वाड्या खाजगी असतात, आवाज देऊन, विचारून आत जा. फळ तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं तरी विचारून. दालचिनीचं एक पान मागून घ्या आणि मुलाला चुरगळून वास घ्यायला द्या.

काजूच्या बागेत विशेष जपा. हिरव्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, मुलं दाताने फोडायला जातात आणि ओठ सुजतात. बोंडू (काजूचं फळ) खायला हरकत नाही, पण त्याच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही. फणस चिरायचा असेल तर हाताला आणि सुरीला आधी खोबरेल लावा.

वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र शेतीची आवड असणाऱ्यांनी चुकवू नये. ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती इथल्याच. ‘रत्ना’ (१९८१) आणि अगदी पातळ कोयीचा ‘सिंधू’ (१९९२) हे आंबेही इथलेच. कामाच्या दिवशी, परवानगी घेऊन जा. तिथली कलमं पाहून मोह होतो, पण काजूचं कलम आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लावायला आणू नका. त्याला निचऱ्याची जांभी जमीन लागते. आंबा लावायचाच तर आपल्याकडे केशर बरा.

वेंगुर्ल्याच्या मुक्कामात शिरोडा (१९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, उन्हाळ्यात मिठागरं चालू असतात), रेडीचा द्विभुज गणपती आणि सावंतवाडी एवढं आरामात होतं. सावंतवाडीला चितारआळीतली लाकडी फळं-भाज्या आणि राजवाड्यात हाताने रंगवलेली गोल गंजिफा (जुन्या खेळाचे पत्ते) पाहा. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात. मालवणहून धामापूरचा तलाव अर्ध्या-पाऊण तासावर आहे. १५३० मध्ये बांधलेला, काठावर भगवतीचं मंदिर. पाणी खोल आहे, उतरू नका.

१०. जेवण

घरगुती खानावळीत जेवण आदल्या रात्री सांगावं लागतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, भांडी वेगळी हवी असतील तर तेही. काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, आंबोळ्या, फणसाची भाजी, सोलकढी, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. भात बहुधा उकड्या तांदळाचा असतो. मुलांना तो जाड लागतो, म्हणून ‘सुरय तांदळाचा (न उकडलेल्या, साध्या) भात करा’ असं सांगा. ज्वारीची भाकरी मिळणार नाही, तांदळाची मिळेल.

मासे पहिल्यांदा खाणाऱ्याला सुरमईची तुकडी द्या, काटा एकच आणि मोठा. बांगडा, पेडवे (छोटे, काटेरी मासे) नंतर. कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) आधी एक-दोनच खाऊन पाहा, अंगावर पित्त उठतं का ते कळेल.

११. हापूस परत आणताना

झाडावरून काढलेला १४ आणे तयार, हिरवा, कडक आंबा घ्या. पिकलेला घेतलात तर मिरजेच्या पुढे तो टिकत नाही. पेटीवरच्या छापील नावापेक्षा बागवाल्याकडून थेट घेतलेला माल बरा. देवगडच्या नावाने बाहेरचा आंबाही विकला जातो. एक फळ कापून दाखवायला सांगा. हापूसमध्ये साका असतो, बाहेरून फळ निर्दोष आणि आत पांढरट स्पंजासारखा गर. काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर राहिला की साका वाढतो, म्हणून सावलीत, गवतावर ठेवलेला ढीगच निवडा.

पेटी बंद डिकीत ठेवू नका, सांगोल्याच्या माळावर डिकी भट्टीसारखी तापते आणि आंबा आत उकडतो. पेटी मागच्या सीटच्या पायाशी, भोकं मोकळी ठेवून आणा. घरी आल्याबरोबर आंबे काढून घरातल्या गार खोलीत गवताच्या थरांत, देठ वर करून एकेरी मांडा. रोज एकदा पाहा, डाग पडलेला लगेच बाजूला करा. आठवड्याभरात अढी तयार होईल. आणि त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेचं मीठ पत्र्यावर राहिलं की गंज धरतो.